आवाज किती ठेवायचा? मास्टरिंगमधल्या पातळीचा इतिहास

मास्टरिंग हा गाणे श्रोत्याकडे निघण्यापूर्वीचा शेवटचा टप्पा. गायक-वादकांचे मुद्रण होऊन सगळे ट्रॅक एका मिक्समध्ये बसले, की ते मिक्स मास्टरिंग इंजिनिअरच्या हाती येते. गाण्यांचा क्रम लावणे, दोन गाण्यांमधली शांतता ठरवणे, खर्ज आणि तीव्र स्वरांचा तोल सावरणे ही त्याची कामे. त्यांच्या जोडीला आणखी एक काम असते: हे सगळे मिळून किती मोठ्याने वाजेल ते ठरवणे. वरवर पाहता हा प्रश्नच उरू नये. आवाजाचे बटण ऐकणाऱ्याच्या हातात असते, त्याला हवा तेवढा आवाज तो ठेवील. तरीही या एका पातळीवरून ध्वनिमुद्रणाच्या जगात मोठमोठे वाद झाले, अल्बम परत मागवले गेले आणि कायदेही झाले. त्यामागची कारणे दोन. मेणाची तबकडी असो, फीत असो की सीडी, प्रत्येक माध्यमाला आवाज सामावून घेण्याची वरची आणि खालची मर्यादा असते, हे पहिले. दुसरे असे की गाणे सहसा एकटे ऐकले जात नाही. त्याच्या आधी दुसऱ्या कोणाचे तरी गाणे वाजून गेलेले असते आणि कान लगेच तुलना करतो. पहिली अडचण यंत्राने घातली, दुसरी शेजारच्या गाण्याने. संगीताचे जास्त नुकसान दुसरीने केले.

सुरुवातीला पातळी ठरवायला बटणच नव्हते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा सारी भिस्त एका कर्ण्यावर होती. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी गायचे, त्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर खाच कोरायची. ना मायक्रोफोन, ना अ‍ॅम्प्लिफायर. आवाज कमी पडला तर खाच जवळजवळ सरळ उतरे आणि वाजवताना गाणे खरखरीत बुडून जाई. तार सप्तकातला स्वर जोरात लागला तर पडदा कडकडे आणि ती तबकडी बाद होई. म्हणून पातळी म्हणजे कर्ण्यापासूनचे अंतर. खालच्या स्वरांना पुढे व्हायचे, वरच्या स्वरांना मागे सरायचे. साथीदारांच्या जागाही याच हिशेबाने लागत. तीनेक मिनिटांत गाणे संपवायचे आणि तेही जवळपास एकाच जोराने गायचे. आवाजाचा चढउतार कमी करून ठेवण्याचे जे काम पुढे कॉम्प्रेसर नावाच्या यंत्राने केले, ते त्या काळी कलावंत मानेने आणि पावलांनी करत. या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला पाठवल्या जात. म्हणजे पातळी चुकली आहे हे कळेपर्यंत गाणारा आणि मुद्रण करणारा दोघेही आपापल्या वाटेने गेलेले असत.

१९२५ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवर चालणारी मुद्रणपद्धती स्वीकारली आणि पातळी हा पहिल्यांदाच माणसाने बटण फिरवून घेण्याचा निर्णय झाला. मायक्रोफोनने टिपलेला आवाज हवा तेवढा वाढवून कोरणाऱ्या सुईला देता येऊ लागला. हळू आवाजात गाणाऱ्यांना याचा सर्वांत मोठा फायदा झाला. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांत आवाजाची जी बारीक, हळुवार धार ऐकू येते, ती कर्ण्याच्या पद्धतीत उतरणे कठीण होते.

निर्णय हातात आला तसा तो मोजण्याचाही प्रश्न आला. बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कानाला सगळे स्वर सारखे ऐकू येत नाहीत. आवाज लहान असताना खर्ज आणि अतितीव्र स्वर मधल्या स्वरांपेक्षा बरेच मागे पडतात; आवाज वाढवला की ते पुढे येतात. त्यामुळे तेच गाणे किंचित मोठ्याने वाजवले तर ते अधिक भरदार वाटते. दोन मुद्रणांतला फरक जेमतेम एक डेसिबलचा असला तर बहुतेकांना एक मोठे आणि एक लहान असे जाणवत नाही, पण मोठे असते ते अधिक चांगले वाटते. पातळीच्या पुढच्या सगळ्या स्पर्धेचे मूळ कानाच्या या स्वभावात आहे. १९३९ मध्ये बेल लॅबोरेटरीज, एनबीसी आणि सीबीएस यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवले. त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवला होता. पूर्ण उठायला त्याला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागे, त्यामुळे तो कानाप्रमाणेच आवाजाची सरासरी दाखवी. तबल्यावरच्या थापेसारखा क्षणिक उंचवटा त्याला दिसतच नसे. बीबीसीचे मीटर उलट्या विचाराचे होते, ते उंचवटे पकडी. आवाज कानाला किती मोठा वाटतो आणि त्याचे टोक किती उंच जाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगीत कंपन्यांनी हे पुढे बराच काळ नजरेआड केले.

२१ जून १९४८ रोजी कोलंबियाने न्यूयॉर्कमध्ये मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्लेइंग रेकॉर्ड सादर केली. पुढच्या वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड आणली. मास्टरिंग हा स्वतंत्र पेशा म्हणून उभा राहिला तो या काळात, आणि त्याची जागा होती कटिंग रूम. तिथले मुख्य यंत्र म्हणजे कटिंग लेथ. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा गुळगुळीत थर दिलेला असे, तापवलेली नीलमाची सुई त्यात खाच कोरी आणि निघणारा केसासारखा बारीक तंतू नळीने ओढून घेतला जाई. इंजिनिअर सूक्ष्मदर्शकातून दोन खाचांमधली कोरी पट्टी तपाशी. आवाज जितका मोठा तितकी खाच डावी-उजवीकडे जास्त झुलते आणि जास्त जागा खाते. त्यातही खर्ज सर्वांत खादाड. म्हणून कोरताना खर्ज दाबायचा आणि तीव्र स्वर वाढवायचे, मग वाजवताना त्याच्या नेमके उलट करायचे, अशी पद्धत होती. प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे असे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने एकच प्रमाण ठरवले. ऐकू येणाऱ्या स्वरांच्या दोन्ही टोकांना हा फेरफार सुमारे वीस डेसिबलचा आहे.

एवढे करूनही हिशेब सुटत नसे. चकतीवरची जागा ठरलेली, तेव्हा आवाज आणि वेळ यांतले एकच मनासारखे मिळणार. एका बाजूला अठरा-वीस मिनिटे असतील तर पातळी भरघोस ठेवता येई; पंचवीस मिनिटे कोंबली तर आवाज उतरवावा लागे आणि मग पृष्ठभागाची खरखर वर येई. चकतीच्या मध्याकडे जाताना सुईखालून खाच सरकण्याचा वेग कमी होतो, म्हणून तिथे स, श, च यांसारखी व्यंजने फाटत. शेवटचे गाणे हळुवार ठेवण्याचा अनेक अल्बमांचा प्रघात यातून आला. स्टिरिओमध्ये खर्ज एकाच बाजूला असला तर सुई खाचेबाहेर उडण्याचा धोका, म्हणून तो मधोमध आणावा लागे. गाणे कोरण्याच्या काही क्षण आधी फीत एका जादा हेडवरून नेऊन पुढे येणाऱ्या आवाजाचा अंदाज लेथला देण्याची युक्तीही निघाली. मोठा आवाज येणार असला की लेथ खाचांमधले अंतर आपोआप वाढवी.

याच हिशेबाचे एक टोक अंतराळात गेले आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर बसवलेल्या सोनेरी तबकडीवर सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत बसवायचे होते. त्यासाठी तिचा वेग मिनिटाला १६⅔ फेऱ्यांवर आणला गेला. वेग कमी केला की वेळ वाढतो आणि तीव्र स्वरांचा तजेला कमी होतो; तरी त्या कामी वेळच मोलाचा होता. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी त्या तबकडीवर आहे.

शेजारच्या गाण्याशी तुलना सुरू झाली ती ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डमुळे. अमेरिकेतल्या हॉटेलांत आणि बारमध्ये ज्यूकबॉक्स असे. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांतही तो होता. त्याचा आवाज मालक एकदाच लावून ठेवी. नाणे टाकून लागोपाठ वाजणाऱ्या रेकॉर्डींत जी जास्त जोरात कोरलेली, ती गजबजाटातून वर येई. सात इंची रेकॉर्डवर गाणे तीन मिनिटांचेच असल्याने जागाही मुबलक होती. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या रेकॉर्डी या बाबतीत नाव काढून होत्या. त्यांचा भरदार खर्ज ऐकून लंडनमध्ये बीटल्स आपल्या रेकॉर्डींबद्दल कुरकुर करू लागले. ईएमआय कंपनीचे कटिंगचे नियम कडक होते, सुई उडाल्याच्या तक्रारी कंपनीला नको होत्या. जून १९६६ मध्ये आलेले ‘पेपरबॅक रायटर’ एका नव्या नियंत्रक उपकरणाच्या मदतीने कोरले गेले आणि त्यातल्या बेस गिटारची पातळी त्यांच्या आधीच्या कोणत्याही रेकॉर्डपेक्षा वरची होती.

सुई उडण्याची भीती खोटी नव्हती. १९६९ मध्ये लेड झेपलिनचा दुसरा अल्बम न्यूयॉर्कमध्ये तरुण बॉब लडविग यांनी कोरला. मिक्समध्ये असलेला सगळा जोर त्यांनी खाचेत उतरवला. चांगल्या यंत्रावर ती रेकॉर्ड जबरदस्त वाजे, पण कंपनीतल्या एका बड्या असामीच्या घरच्या स्वस्त प्लेअरवर सुई उडाली, असे लडविग यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. कंपनीने ते कटिंग मागे घेऊन उतरवलेल्या पातळीवर नवे करून घेतले. पहिल्या आवृत्तीच्या मधल्या कोऱ्या भागात त्यांची आद्याक्षरे कोरलेली आहेत. ती पाहून संग्राहक आजही त्या प्रतीला मोठी किंमत मोजतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेलार्क कंपनीने चायकोव्स्कीचे ‘१८१२’ खऱ्या तोफांसह रेकॉर्डवर आणले. तोफांच्या जागी खाचेची वळणे नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि बऱ्याच घरांत तिथे सुई टिकत नसे.

बारा इंची सिंगल ही डिस्कोच्या काळातली गोष्ट पातळीच्या शोधातून योगायोगाने निघाली. न्यूयॉर्कमधले मिक्सर टॉम मोल्टन सत्तरच्या दशकाच्या मध्यात एक गाणे कोरून घ्यायला गेले, तेव्हा कटिंग इंजिनिअर होजे रॉड्रिगेझ यांच्याकडे सात इंची कोऱ्या चकत्या संपलेल्या होत्या. त्यांनी दहा इंची चकती घेतली. एवढ्याशा गाण्याच्या खाचा एका कोपऱ्यात बसल्या आणि बाकी चकती रिकामीच दिसू लागली. त्या पसरवून कोरा, असे मोल्टन म्हणाले. पसरवायच्या तर पातळी वाढवणे आले. वाढवली, आणि ऐकल्यावर दोघांच्या लक्षात आले की नृत्यगृहासाठी हेच हवे आहे. १९७६ मध्ये सालसोल कंपनीने डबल एक्स्पोजरचे ‘टेन पर्सेंट’ बारा इंची आकारात विक्रीला आणले. पातळी वाढवण्याचा हा प्रयोग वेगळा होता. आवाज वाढला तो जागा वाढवून. चढउतार दाबण्याची गरज पडली नाही.

रेडिओत तसे करता येत नव्हते. प्रक्षेपणाची कमाल मर्यादा कायद्याने बांधलेली. रेडिओचे बटण फिरवताना जे केंद्र जोरात लागेल तिथे श्रोता थांबतो, असे केंद्रचालक धरून चालत. मग उंच टोके दाबून बाकी सगळे वर उचलायचे, एवढाच मार्ग उरे. सीबीएस लॅबोरेटरीजची ऑडिमॅक्स आणि व्हॉल्युमॅक्स ही यंत्रे साठच्या दशकात हे काम करत. १९७५ मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांचे ऑप्टिमॉड आले आणि एफएम केंद्रांची चढाओढ आणखी तीव्र झाली. पुढे संगीत कंपन्यांनी रेडिओवर उठून दिसण्यासाठी गाणीच दाबून द्यायला सुरुवात केली. त्यावर खुद्द ऑर्बन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी फ्रँक फोती यांनी मिळून लिहिले की आधीच चिरडलेले गाणे रेडिओच्या यंत्रातून गेल्यावर मोठे लागत नाही, फक्त खराब लागते. ज्यांनी आयुष्य आवाज मोठा करणारी यंत्रे बनवण्यात घालवले, त्यांचा हा सल्ला कंपन्यांनी ऐकायला हवा होता.

कॅसेटची अडचण खालच्या बाजूची होती. फितीची सळसळ सतत ऐकू येई, म्हणून आवाज तिच्या बराच वर ठेवावा लागे, आणि फार वर नेला तर तीव्र स्वर फितीवर चढेनात. भारतात ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट घराघरांत आणि गाड्यांत पोचली. इंजिनाच्या घरघरीत गाण्यातला हळू भाग ऐकू येत नाही, हे तिथे रोजच्या अनुभवाचे झाले.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सीडी विक्रीला आली तेव्हा हे सगळे प्रश्न मिटल्यासारखे वाटले. १६ बिटांच्या अंकांत आवाज साठवल्याने लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावत होते. खरखर नाही, सुई नाही, वेळेशी सौदा नाही. मर्यादा एकच, पण ती ठाम. अंक ज्याच्या वर जाऊच शकत नाहीत असा एक माथा असतो. आवाज त्याच्या वर नेऊ पाहिला तर लहरीचा कळस सपाट छाटला जातो आणि कर्कश तडतड ऐकू येते. सुरुवातीची काही वर्षे इंजिनिअर या माथ्याखाली भरपूर मोकळी जागा ठेवत. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच रॉक सीडींची सरासरी पातळी माथ्याच्या १५ ते २० डेसिबल खाली असे आणि ढोलाचे ठोके त्या जागेत मोकळेपणी उसळत. संगीताच्या पूर्ण चढउताराला पुरेल एवढी जागा घरगुती माध्यमात पहिल्यांदाच मिळाली होती, आणि दहा-पंधरा वर्षांत उद्योगाने ती आपण होऊन गमावली.

त्याला निमित्त झाली एकापाठोपाठ एक सीडी वाजवणारी चेंजर यंत्रे, आणि साधन मिळाले ते संगणकावरच्या लिमिटरचे. कॉम्प्रेसर जुनाच होता. रेकॉर्डिंग स्टुडिओत फेअरचाइल्ड ६७० आणि १९६७ पासून ११७६ ही यंत्रे नावाजलेली होती. आवाज ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की ती तो खाली ओढत. पण ठोका येऊन गेल्यावरच यंत्राला तो कळे, त्यामुळे अगदी टोकाचा भाग निसटत असे. १९९४ मध्ये इस्रायलच्या वेव्हज कंपनीने एल१ अल्ट्रामॅक्सिमायझर हा लिमिटर आणला. तो आवाज क्षणभर अडवून ठेवतो, येणारा कळस किती उंच आहे ते आधीच पाहतो आणि तो पोचण्यापूर्वी पातळी उतरवतो. पावसाचा अंदाज घेऊन पूर येण्याआधीच धरणाचे दरवाजे उघडावेत तसे. त्यामुळे एकही कळस माथ्याला न लागता बाकी सगळे संगीत पाच-सहा डेसिबल सहज वर उचलता येऊ लागले. १९९५ मध्ये आलेला ओएसिसचा दुसरा अल्बम त्याच्या दणदणीत पातळीसाठी गाजला. रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा ‘कॅलिफोर्निकेशन’ छाटलेल्या कळसांसाठी बदनाम झाला. प्रत्येक नव्या अल्बमला आधीच्यापेक्षा अर्धा-एक डेसिबल पुढे जायचे होते. २००० च्या दशकात माथ्यापासून दहा डेसिबलच्या आत सरासरी असलेल्या सीडी सर्रास निघू लागल्या. या चढाओढीला लाउडनेस वॉर असे नाव पडले.

यात संगीताचे काय हरपते, ते तबल्याच्या एका बोलावरून नीट दिसते. ‘ना’ वाजतो तेव्हा चाटेवर बोट पडल्याच्या क्षणी एक अतिशय तीक्ष्ण उंचवटा उठतो. तो काही सहस्रांश सेकंदच टिकतो आणि मग मागे सुरेल गुंजन राहते. बोट पडल्याची जाणीव त्या उंचवट्यातून होते. लिमिटर नेमका तो कापतो आणि मागचे गुंजन वर आणतो. बोल ऐकू येतो, पण बोट ऐकू येत नाही. गायक दोन सुरावटींमध्ये थांबला की दाब सुटून तानपुरा फुगतो आणि गायक पुन्हा लागला की आक्रसतो. समेवर सगळ्यांनी मिळून येण्यात जो भार असतो, तो आधीचे आवर्तन तुलनेने हलके असल्यामुळे असतो. सगळेच सारख्या उंचीवर आणले की सम फक्त मोजून कळते. रॉकमध्ये हीच गत स्नेअर ड्रमची झाली. शिवाय सतत एकाच जोराचा आवाज कानाला थकवतो. कुठल्याही एका क्षणी गाणे वाईट लागत नाही, पण अल्बम अर्ध्यावर बंद करावासा वाटतो.

मास्टरिंग इंजिनिअर हे ओळखून होते आणि त्यांतल्या अनेकांना ते मान्य नव्हते. निर्णय बहुधा कंपनीचा, निर्मात्याचा किंवा खुद्द कलावंताचा असे. रश या कॅनडातल्या बँडला आपल्या २००२ च्या ‘व्हेपर ट्रेल्स’चा आवाज इतका खटकत राहिला की २०१३ मध्ये त्यांनी सगळा अल्बम नव्याने मिक्स करून काढला. सप्टेंबर २००८ मध्ये मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला, तेव्हा हे प्रकरण पहिल्यांदा सामान्य श्रोत्यांपर्यंत पोचले. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथे ती त्या शेवटच्या दाबाशिवाय होती. श्रोत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली. गेममधली गाणी सीडीपेक्षा चांगली लागतात हे उघड झाले आणि अल्बम पुन्हा करावा म्हणून हजारो सह्यांचे निवेदन निघाले. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचे म्हणणे होते की मिक्स त्यांच्याकडे आले तेच पूर्ण चिरडलेले. त्याच वर्षी गन्स एन’ रोझेसच्या ‘चायनीज डेमॉक्रसी’साठी बॉब लडविग यांनी वेगवेगळ्या पातळ्यांचे नमुने दिले, आणि निवड झाली ती सर्वांत कमी दाबलेल्या नमुन्याची.

चित्रपटांत असे युद्ध तेवढे पेटले नाही, त्याला कारण आहे. डॉल्बीच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकापासून मिक्सिंगचे दालन आणि चित्रपटगृह यांचे आवाज एकाच मापाला लावले जात. ठरावीक चाचणी-आवाजाला प्रत्येक स्पीकरमधून ८५ डेसिबल मिळाले पाहिजेत असे ते माप. गृहात बटण कुठे असणार हे मिक्स करणाऱ्याला ठाऊक असल्याने कुजबूज कुजबुजीएवढी ठेवायला तो धजतो. बॉब कॅट्झ या अमेरिकी मास्टरिंग इंजिनिअरांनी २००० मध्ये हीच शिस्त संगीतासाठी सुचवली. आपल्या के-सिस्टिममध्ये त्यांनी स्टुडिओतल्या स्पीकरचे बटण ८३ डेसिबलच्या मापाला बांधले आणि माथ्याखाली २०, १४ किंवा १२ डेसिबल मोकळी जागा राखणाऱ्या तीन मोजपट्ट्या दिल्या. पद्धत शास्त्रशुद्ध होती, पण ती ऐच्छिक होती, आणि कोणीही एकट्याने आपले गाणे लहान ठेवायला तयार नव्हते.

मार्ग निघाला तो टीव्हीच्या जाहिरातींमुळे. कार्यक्रमाच्या मध्येच अंगावर येणारी जाहिरात ही जगभरची तक्रार होती. भारतात १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतही जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे कलम आहे. मात्र मोठा म्हणजे किती, हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत त्या वेळी नव्हती. टोके मोजून उपयोग नव्हता, कारण जाहिरातीची टोके नियमात बसूनही सरासरी प्रचंड असे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये बीएस.१७७० ही मोजणीची पद्धत जाहीर केली. खर्जाचा हिस्सा कमी आणि तीव्र स्वरांचा जास्त धरायचा, कानाला जसे वाटते त्याच्या जवळ जायचे, आणि आवाजाची शक्ती सरासरीने मोजायची, असे तिचे सार. ऑगस्ट २०१० मध्ये युरोपीय प्रक्षेपण संघाने फ्लोरियान कॅमेरेर यांच्या नेतृत्वाखाली आर १२८ ही शिफारस काढली: प्रत्येक कार्यक्रमाची सरासरी उणे २३ एलयूएफएस (याच पद्धतीने माथ्यापासून खाली मोजलेल्या पातळीचे एकक) असावी. तिच्यात एक मोलाची भर होती. मोजताना शांतता आणि सरासरीपेक्षा बरेच खाली गेलेले भाग हिशेबाबाहेर ठेवायचे. नाही तर नाटकातल्या लांब विरामांमुळे सरासरी खाली ओढली जाई आणि संवाद विनाकारण मोठे करावे लागत. अमेरिकेत डिसेंबर २०१० मध्ये जाहिरातींच्या आवाजाविषयीचा ‘काम’ (CALM) नावाचा कायदा मंजूर झाला आणि १३ डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला.

ही मोजपट्टी संगीताकडे आली ती ऐकवणाऱ्या यंत्रांमार्फत. त्याआधी २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी रिप्लेगेन सुचवले होते आणि पुढच्या वर्षी अ‍ॅपलच्या आयट्यून्समध्ये साउंड चेकची सोय आली; पण ती चालू करणे श्रोत्यावर सोपवलेले होते. स्ट्रीमिंगने चित्र पालटले. यूट्यूबवर २०१४ च्या सुमारास, आणि स्पॉटिफाय व टायडलवरही, मोठी गाणी आपोआप खाली उतरवली जाऊ लागली. स्पॉटिफायने २०१७ मध्ये आपले माप उणे १४ एलयूएफएसवर आणले. अ‍ॅपल म्युझिकचे उणे १६ आहे. याचा अर्थ सरळ आहे. उणे ७ वर दाबून आणलेले गाणे उणे १४ च्या सेवेत सात डेसिबल खाली ओढले जाते, आणि मोकळ्या चढउताराच्या गाण्याशेजारी ते मोठे तर लागत नाहीच, उलट चपटे लागते. ज्या तुलनेसाठी कळस कापले, ती तुलनाच यंत्राने संपवली. कॅट्झ यांनी २०१३ मध्येच, आयट्यून्स रेडिओत साउंड चेक कायम चालू राहणार हे कळल्यावर, युद्ध जिंकल्याचे जाहीर केले. ते थोडे घाईचे होते. नृत्यसंगीत, हिप-हॉप आणि मेटल आजही मोठ्या पातळीवरच मास्टर होतात. काही ठिकाणी तो दाब हाच त्या संगीताचा पोत झाला आहे, आणि कलावंताने तो ऐकून, समजून निवडला असेल तर त्यात गैर काही नाही.

नव्या व्यवस्थेचा एक बारकावा हिंदुस्थानी संगीतासाठी महत्त्वाचा आहे. यंत्र प्रत्येक ट्रॅक सुटा मोजते की पूर्ण अल्बम एकत्र, यावर बरेच अवलंबून असते. विलंबित ख्याल, द्रुत आणि शेवटची ठुमरी असे तीन ट्रॅक सुटे मोजले तर विलंबितातली शांत बढत उचलून द्रुताच्या बरोबरीला आणली जाते आणि मैफलीचा चढता आलेख मोडतो. अल्बम एकत्र मोजला तर सगळ्या ट्रॅकना सारखाच फेरफार लागतो आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नाते टिकते. टायडलने अल्बमची पद्धत स्वीकारली. स्पॉटिफाय अल्बम सलग ऐकताना तीच वापरते, पण गाणी मिसळून लावली की ट्रॅकची. मोजणीत शांत भाग वगळण्याचा नियमही इथे उपयोगी पडतो. दीर्घ आलापातले विराम हिशेबात आले असते तर पुढची लय अवाजवी मोठी झाली असती.

अंकांच्या माथ्याबद्दलही एक धडा मिळाला. एमपी३ किंवा तत्सम रूपात आकुंचन झालेले गाणे पुन्हा उलगडताना लहरीचा कळस मूळ अंकांपेक्षा थोडा वर जातो. म्हणून माथ्याला टेकलेले मास्टर फोनवर तडतडते. हे टाळण्यासाठी खरे टोक माथ्याच्या किमान एक डेसिबल खाली ठेवावे असे स्पॉटिफाय सांगते, आणि मास्टर उणे १४ पेक्षा मोठे असेल तर दोन डेसिबल. डॉल्बी अ‍ॅटमॉसच्या मिक्ससाठी उणे १८ ही वरची मर्यादा घालून दिलेली आहे, आणि तिच्या वर गेलेले मिक्स परत पाठवले जाते. विनाइलसाठी मात्र अजूनही वेगळे मास्टर करावे लागते. खर्ज मधोमध, व्यंजने सौम्य, कळस शाबूत आणि एका बाजूला वीसेक मिनिटे.